एकाच नंबरची चप्पल, पण घट्टे वेगळ्या जागी काऊन पडते?

चामडं_सुई (आर्वी तालुका)
चपला शिवायचं अन् दुरुस्तीचं काम. प्रश्न दोन गिऱ्हाइकांचा आहे. दोघंही ८ नंबर, वजन ६० किलोच्या आसपास, दिवसभर निंदण-फवारणीत उभे. एकाच्या पायाचा मधला भाग जमिनीला टेकतच नाही. त्याला अंगठ्याच्या अन् करंगळीच्या मुळाशी घट्टे आहेत, टाचही ठणकते. दुसऱ्याचा पाय पार सपाट. त्याला घट्टा दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, अन् घोट्याच्या आतल्या बाजूनं दुखते. दोघांनाही आतून ८ मिमीचा मऊ फोम टाकला. पहिल्याला आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्याचं दुखणं तर वाढलंच. कमानीप्रमाणे आतला सोल करायचा तर कुठं काय टाकायचं?

फिजिओ_यवतमाळ
भाऊ, फोम किती मऊ, हे नंतर पाहू. वजन किती जागेवर उतरते ते आधी पाहा.

चालताना एका पायावर अंगाच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भार येतो: टाच टेकल्यावर एकदा आणि चवड्यावर रेटून पाय उचलताना दुसऱ्यांदा, साधारण १०-२० टक्के जास्त. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ७० धरा. टाच उचलली की हे ७० किलो फक्त चवडा आणि बोटांवर. ती जागा ४५ चौ. सेंमी असेल तर दर चौ. सेंमीला सरासरी दीड किलो, आणि हाडाच्या टोकाखाली त्याहून बराच जास्त. उंच कमानीच्या पायात मधला भाग कामच करत नाही, भार टाचेवरून थेट चवड्यावर उडी मारतो. त्यात बोटं आकडीसारखी वाकलेली असली तर चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडांची टोकं उघडी पडतात. तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं हेच दिसतं. फोम आठवड्यात त्या दोन टोकांखाली चेपून बसला असेल, काढून पाहा.

सपाट पायाचं उलट. टेकायची जागा जास्त, म्हणून कातडीवरचा दाब बहुतेक वेळा कमीच असतो. त्रास होतो तो आतल्या घोट्यामागून येणाऱ्या शिरेला (रक्ताची नाही, स्नायू हाडाला बांधणारी दोरी), कारण कोसळणारी कमान तीच धरून ठेवते. अंगठा वर वाकला की तळव्याची जाड पट्टी रहाटावर दोर गुंडाळावा तशी ताणली जाते, कमान उठते आणि पाय कडक होतो. सपाट पायात हे उशिरा किंवा अर्धवट होतं, मग अंगठ्याचा भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळावर जातो. मऊ फोमवर असा पाय आणखी आत कलतो. तुमचा फोम तिथं उलटा पडला तो असा.

सोल कापण्याआधी छाप घ्या. शिक्क्याच्या शाईनं पाय रंगवून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन आलेख कागदावर उभं करा. बोटं सोडून छापेच्या लांबीचे तीन सारखे भाग करा, चौकटी मोजा, मधल्या भागाच्या चौकटी एकूण चौकटींनी भागा. ०.२१ पेक्षा कमी म्हणजे उंच कमान, ०.२६ पेक्षा जास्त म्हणजे सपाट. एकूण ९६ आणि मधल्या १४ आल्या तर ०.१५, उंच. पण जाड माणसाची छाप फसवते. सहा वर्षांखालच्या पुष्कळ लेकरांचे पाय सपाट असतात, त्यांच्या मागं लागू नका.

चप्पल बाहेरच्या बाजूनं झिजली म्हणून कमान उंच, असंही ठरवू नका. टाचेचा मागचा-बाहेरचा कोपरा चांगल्या पायाचाही आधी झिजतो.

ऑर्थोटिस्ट_नागपूर
आता कापायचं काम. उंच कमानीला मऊपणापेक्षा भरणी हवी. टाचेच्या पुढून चवड्याच्या मागपर्यंत जी पोकळी राहते ती मध्यम कडक ईव्हीएनं (चपलेच्या सोलचा रबरासारखा फोम) भरा, पाय टेकवल्यावर नुसता स्पर्श होईल इतकीच. तळव्यात टोचली तर कमी करा. तिच्यावर ६ मिमी मऊ थर. चवड्यासाठी ५-६ मिमी उंचीचा थेंबाच्या आकाराचा उंचवटा, आणि तो घट्ट्याखाली नाही, घट्ट्याच्या मागे. तेलात कालवलेलं कुंकू घट्ट्यावर लावून सोलवर उभं करा. जिथं डाग उमटेल त्याच्या मागे ५ ते १० मिमीवर उंचवट्याची पुढची कड आली पाहिजे. डागावरच बसवला तर दाब वाढतो. सगळ्यात जास्त चूक इथंच होते.

सपाट पायात आधी अंगठा हातानं वर उचलून पाहा, माणूस उभा असताना. कमान उठली तर पाय लवचीक. त्याला टाचेभोवती खोलगट वाटी आणि टाचेखाली आतल्या बाजूनं ३-४ मिमीची पाचर पुरते. उठली नाही तर पाय ताठ आहे. तिथं कडक कमान टाकली तर आतल्या हाडावर फोड येईल, नुसता मऊ थर द्या. आणि लवचीक सपाट पाय दुखत नसेल तर काहीच टाकू नका.

बैलबंडी
घट्ट्याच्या जागी सोलला भोकच पाडलं तं?

ऑर्थोटिस्ट_नागपूर
नको भाऊ. भोकाच्या काठावर दाब साचतो आणि मधली कातडी भोकात लोंबते. फार तर ३ मिमी खोल उथळ खळगा करा, कडा घासून उतरत्या.

आरोग्यसेविका_वरोरा
घट्टा पाहिला की आधी दोन गोष्टी विचारा: साखर आहे का, पायाला बधिरपणा आहे का. असेल तर कमानीचं काम बाजूला ठेवून आरोग्य केंद्रात पाठवा. तिथं १० ग्रॅमच्या नायलॉन तारेनं तळव्याची संवेदना तपासतात. उंच कमान आणि बधिर पाय एकत्र आले की घट्ट्याखालीच जखम होते, आणि त्या माणसाला दुखत नाही. घट्टा ब्लेडनं तासू नका, त्यालाही तासू देऊ नका.

अशा पायाला एमसीआरची (बारीक छिद्रांचा मऊ रबर) चप्पल, मागे पट्टा असलेली. एमसीआर चिमटीत दाबल्यावर जाडी निम्मी झाली पाहिजे, कमी दबला तर तो कडक आहे. खाली टणक सोल हवाच, नाहीतर पऱ्हाटीचे खुंट आणि बाभळीचे काटे आरपार जातात. खिळा एकही नको, शिवण आणि सोल्युशनच. नवीन जोड पहिल्या दिवशी अर्धा तास, मग पाय धुऊन लाली पाहायची. लाली २० मिनिटांनीही गेली नाही तर ती जागा घासून कमी करा.

चामडं_सुई
उंचवटा मागे बसवून पाहतो. ईव्हीए उन्हाळ्यात सुटणार नाही नं?

ऑर्थोटिस्ट_नागपूर
नीट चिकटवलं नाही तर सुटू शकते. दोन्ही बाजू खरखरीत पेपरनं घासा, सोल्युशनचा पातळ हात, बोटाला चिकटेनासं होईस्तोवर वाळू द्या, मग दाबा. रात्रभर वजनाखाली. आणि उंचवट्याची कड वरच्या थराखाली झाकलेली ठेवा, उघडी कड घामानं आधी उलते.