मालिकेत दर वेळी तिलाच गोळी का लागते?

काकू, बी-३०४: काल लिफ्टपाशी विषय निघाला तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. परदेशी मालिकांमध्ये लेस्बियन पात्र आलं की लेखक त्याला फार दिवस जगू देत नाहीत. 'बफी'मधली टारा, मे २००२. खिडकीतून भरकटलेली गोळी आली आणि गेली. 'द हंड्रेड'मधली लेक्सा, ३ मार्च २०१६. गोळी झाडली दुसरीवर, लागली हिला. दोघीही नुकत्या कुठे सुखात होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा तेच!

काका, ए-१०२: अहो वहिनी, मालिकेत सगळेच मरतात.

काकू, बी-३०४: मरतात ना भाऊजी. पण नवरा-बायकोची एक जोडी तुटली तरी त्याच मालिकेत आणखी चार असतात. हिच्यासारखी बहुतेक वेळा ही एकटीच. लेक्सा गेल्यावर प्रेक्षकांनी ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी पैसे जमवले. समलिंगी मुलामुलींना आत्महत्येपासून वाचवणारी संस्था आहे ती. पोरींना किती लागलं असेल बघा.

आजोबा, सी-२०१: टीव्ही नाही, पण आपल्या रंगभूमीवर तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' होतं, १९८१ सालचं. रोहिणी हट्टंगडी त्यातली समलिंगी मुलगी, मित्रा, करायच्या. मित्राही शेवटी जातेच. पण भरकटलेल्या गोळीने नाही. तिच्याभोवती फास कसा आवळत गेला ते सगळं दिसतं. मला हा फरक मोठा वाटतो.

ताई, ए-५०३: आजोबा, अगदी बरोबर. असा फास 'ईआर' या हॉस्पिटलच्या मालिकेत दिसतो. २००१ च्या सुमारास डॉ. किम लेगास्पीवर एक पेशंट लैंगिक गैरवर्तनाचा खोटा आरोप करते. किम लेस्बियन आहे एवढ्यावर सगळ्यांना तो खरा वाटतो. तिची प्रेयसी डॉ. केरी वीव्हर स्वतःचं बिंग फुटेल म्हणून गप्प बसते. पुढे किमला काढायची वेळ येते तेव्हा केरी वरिष्ठासमोर उभी राहून आपणही तशाच आहोत हे सांगते. माझ्या मते लिंगभेद टीव्हीवर इतका नेमका क्वचितच आलाय. आरोप करणाऱ्यापेक्षा गप्प बसणारी जास्त लक्षात राहते.

काका, ए-१०२: अन्याय आहे, मान्य. पण लिंगभेद कसा? लिंगभेद म्हणजे बाई म्हणून पगार कमी देणं.

ताई, ए-५०३: काका, असं बघा. एका पुरुषाचं बाईवर प्रेम आहे, त्याची नोकरी राहते. एका बाईचं बाईवर प्रेम आहे, तिची जाते. दोघांमध्ये फरक कशाचा? ती बाई आहे, एवढाच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० ला बॉस्टॉक खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी हेच म्हटलं. नोकरीत भेदभाव नको हा कायदा १९६४ चा, त्यात शब्द फक्त 'लिंग' असा होता.

काका, ए-१०२: असा विचार मी केला नव्हता. पटलं.

काकू, बी-३०४: केरीचं पुढचंही बघा भाऊजी. तिची जोडीदार सँडी फायर ब्रिगेडमध्ये. तीही मरतेच, आगीत. पण इथे गोष्ट थांबत नाही. दोघींचं बाळ सँडीच्या पोटचं, म्हणून सँडीचे आईवडील ते घेऊन जातात. रात्र रात्र जागून वाढवलेलं मूल, आणि केरी त्याची कोणीच नाही! मी रडले होते.

डी-४०२: काकू, ते भाग आहेत का तुमच्याकडे? आईला दाखवायचेत.

काकू, बी-३०४: आहेत. रविवारी चारला ये गं. आईंनाही घेऊन ये.