मदत हवी आहे: सातभाईंच्या घरट्यात हे पिल्लू कुणाचं?

नमस्कार मंडळी. आमचं शेत रावेर तालुक्यात, केळीचं. बांधावरच्या लिंबात, साधारण खांद्याच्या उंचीवर, सातभाईंनी घरटं केलंय. मोटर चालू करायला गेलो की दहा-पंधरा मिनिटं तिथेच रेंगाळतो, घरचे ओरडतात.

सातभाईंमध्ये आईबापांबरोबर थव्यातले बाकीचेही पिल्लांना भरवतात, हे माहीत होतं. प्रत्यक्ष पाहताना मात्र गंमत वाटते. एक जण शेवग्याच्या शेंड्यावर पहारा देत बसतो, बाकीचे पालापाचोळा उलटून अळ्या काढतात आणि पाळीपाळीने आणतात. परवा मांजर आलं तर सगळ्यांनी मिळून असा कलकलाट केला की ते केळीच्या सरीतून पळालंच.

आता अडचण. घरट्यात तीन पिल्लं आहेत. त्यातलं एक बरंच मोठं, चोचीचा आ वासून सारखं ओरडतं आणि प्रत्येक घास तेच पळवतं. पावशा आणि चातक दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. पावशा तर महिनाभर आमच्या डोक्यावर बोंबलतोय.

मग हे पावशाचं की चातकाचं? या वयात ओळखायचं कसं? शेजारचे काका म्हणतात, 'उचलून टाक रे भो, बाकीचे दोन जगतील.' मला ते पटत नाही, घरट्याला हात लावायचाच नाहीये. पण त्याच फांदीखालून पुढच्या आठवड्यात घड वाहायची गाडी जाणार आहे. रस्ता बदलावा, की तेवढ्या वर्दळीने थवा घरटं सोडत नाही? अनुभव असेल त्यांनी सांगा.