मदतनिधीच्या कार्यक्रमात रोकड सांभाळताना : तुमचे अनुभव लिहा

मंच, ध्वनिक्षेपक, पाहुणे यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. जमलेली रोकड रात्री कोणाच्या ताब्यात राहणार, हे मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या तासाला ठरतं. गल्ल्यावर बसलेल्यांनी इथे लिहावं. चुका झाल्या असतील तर त्या आवर्जून लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या एका कार्यक्रमात पावत्यांची बेरीज आणि रोकड यांचा ताळा जमेना. तूट फार नव्हती, पण दिवसभर गल्ल्यावर एकट्या मावशीच बसल्या होत्या. कोणी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. दोन दिवसांनी उलगडा झाला : आमच्यातल्याच एकाने मंडपवाल्याचे पैसे गल्ल्यातून दिले होते, चिठ्ठी ठेवायची राहून गेली होती. आम्ही घरी जाऊन माफी मागितली. मावशींनी चहा दिला, पण कामावर परत आल्या नाहीत. तेव्हापासून गल्ल्यातून एक पैशाचाही खर्च होत नाही. जमलेली रक्कम जशीच्या तशी बँकेत भरायची, बिलं खात्यातून चुकती करायची. आणि गल्ल्यावर कायम 2 माणसं, तीही एका घरातली नकोत.

*

सुट्टे पैसे देता यावेत म्हणून सकाळी गल्ल्यात टाकलेली रक्कम लिहून त्यावर सही घ्या. आम्ही लिहिली नव्हती, ती देणगीत मोजली गेली आणि हिशेब जास्तीचा आला. जास्तीचा हिशेबही तितकीच झोप उडवतो.

*

मी मोजणीला बसतो. पेट्यांवर क्रमांक असतात, झाकणाच्या फटीवर कागदी पट्टी चिकटवून त्यावर दोघांच्या सह्या. पट्टी शाबूत आहे हे वहीत लिहिल्याशिवाय पेटी उघडायची नाही. टेबलावर एका वेळी एकच पेटी. पिशव्या, पर्स सगळं खाली. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावता लावता बोटं काळी पडतात. एकाने मोजून आकडा स्वतःच्या कागदावर लिहायचा, पण बोलायचा नाही. मग दुसऱ्याने मोजायचं. आकडा आधी कानावर पडला की दुसरा माणूस नकळत तोच आकडा गाठतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय. दार आतून बंद ठेवा, खिडकीचा पडदाही ओढा.

*

पावती चुकली तर फाडून टाकू नका. आडवी रेघ मारून 'रद्द' लिहा आणि स्थळप्रतीसोबत (पुस्तकात आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीसोबत) तशीच राहू द्या. मधला एक क्रमांक गायब असला की हिशेब तपासणाऱ्याला पटवता पटवता नाकी नऊ येतात.

*

एकदा रोकड घेऊन मी एकटाच निघालो, संस्थेचं नाव छापलेली पिशवी हातात. मोटरसायकलवरचे दोघं दोन वळणं मागे होते. पुढे ते दुसरीकडे गेले, पण माझे हात थरथरत होते. बँक बंद होती, म्हणून पिशवी घरी आणली आणि रात्रभर उशाशी घेऊन जागा राहिलो. आता गल्ला दिवसातून तीनदा रिकामा होतो, दर वेळी वेगळ्या वेळी. साध्या पिशवीतून, दोघं मिळून नेतो. पिशवी हातात देण्याआधी नव्या स्वयंसेवकाला मी एवढंच सांगतो : कोणी धमकावलं तर देऊन टाक, आम्ही तुला जाब विचारणार नाही.