जुनी मासेराटी बेळगावात घेणं म्हणजे माज?

उद्यमबागकर: काल एकानं इथं लिहिलं, "बेळगावात जुनी इटालियन कन्व्हर्टिबल, छत उघडणारी गाडी, घेणं म्हणजे बापाच्या पैशाचा माज. चार महिने पाऊस, आठ महिने खड्डे, मेकॅनिक पुण्याला." मी सहा महिने २०११ ची मासेराटी ग्रानकॅब्रिओ शोधतोय, म्हणून हे अंगाला लागलं. माझा बाप फौंड्रीत मोल्डर होता. पैसा माझा आहे, वीस वर्षं कारखान्यात सीएनसी मशीनपुढं उभा राहून साठवलेला.

४.७ लिटरचं व्ही-८, ४४० हॉर्सपॉवर, मारानेल्लोला फेरारीकडं बनलेलं. याच घराण्याच्या इंजिनात फेरारीनं फ्लॅट-प्लेन, म्हणजे सपाट रचनेचा क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा) घातला, मासेराटीनं क्रॉस-प्लेन, म्हणजे फुलीसारखा. म्हणून हिचा आवाज किंचाळत नाही, घुमतो. मी रोज क्रँक हाताळतो, मला तो आवाज जवळून ऐकायचा आहे. यात माज कुठं आला?

निपाणीकर: ते मीच लिहिलं, आणि का लिहिलं ते ऐका. माझ्या मेव्हण्यानं अशीच एक घेतली. पहिल्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवरची बटणं पाघळली. एसी लावला की बोटाला काळं चिकट लागायचं, काकवीसारखं. बहिणीच्या साडीला लागलं, निघालं नाही. पुढं मे महिन्यात सुतगट्टी घाटात वळीव आला, आणि छत अर्ध्यावर अडकलं. हायड्रॉलिकचा पंप गेला होता. दोघं ताडपत्री धरून दीड तास उभे. सीटमधनं दोन दिवस पाणी निघत होतं. नंतरचं बिल बघून बहीण जेवली नाही.

खानापूरवाली: निपाणीकर दादा, पाऊस आमच्याकडं तुमच्यापेक्षा जास्त. म्हणून काय आम्ही गाड्या घेईनात? खरं उद्यमबागकर, एक सांगते. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय आणि २०११ ची गाडी त्याच्यासाठी बनलेली नाही. रबरी नळ्या, सील, पेट्रोल पंप आधी तपासून घ्या. आणि कापडी छतावर कव्हर घालून पावसाळाभर ठेवू नका, बुरशी धरते. आमच्या जीपच्या हुडाचं तसंच झालं.

संकेश्वरचा: कोल्हापूरची एमएच-०९ पासिंगची बघा. इथं कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के. महाराष्ट्रात पेट्रोलला १३, त्यावर कमाल मर्यादा.

तिसरं गेट: आणि फिरवायची बेळगावात? बारा महिन्यांवर गाडी इथं राहिली की नंबर बदलून घ्यावाच लागतो, कायदा आहे. कर इथं भरा की.

संकेश्वरचा: कायदा मला सांगू नका. १९५६ ला आम्हाला विचारून इकडं घातलं काय? कोगनोळीच्या सीमेवर एमएच दिसली की बाजूला घेतात. गेल्या वर्षी एका कार्यालयात माझा मराठी अर्ज न वाचता परत केला. निदान गाडीवर तरी आपला नंबर असू दे.

तिसरं गेट: आपला नंबर कुठला ओ? एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला माझे आजोबा गेले, वडील गेले, मी जातो. सीमाप्रश्न मला शिकवू नका. केए-२२ म्हणजे बेळगाव. बेळगाव आमचं म्हणून घसा कोरडा करायचा आणि बेळगावचाच नंबर टाळायचा? मला तो परका वाटत नाही. माझ्या बापाच्या लूनावर तोच होता.

खानापूरवाली: गाडीचं राहिलं बाजूला.

संकेश्वरचा: लूनाचं पटलं. कराचं नाही. रस्ते असले, आणि १८ टक्के?

उद्यमबागकर: नंबर केए-२२ च घेणार, तो विषय माझ्यापुरता संपला. बाहेरून जुनी आणायची तर तीन वर्षांच्या आतली लागते, म्हणजे २०११ ची भारतातलीच बघणं आलं. मुंबईत एक आहे. गिअरबॉक्सची मला भीती नाही. झेडएफचा सहा गिअरचा आहे, त्याच जातीचा जुन्या बीएमडब्ल्यू, जॅग्वारला असतो. तो उघडणारी माणसं सापडतात. व्हेरिएटरचा, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ मागंपुढं करणाऱ्या भागाचा आवाज मात्र गार इंजिन सुरू करूनच ऐकणार. आदल्या रात्रीपासून गाडी हलवायची नाही, असं मालकाला सांगून ठेवलंय.

निपाणीकर, छताचं तुमचं खरं आहे, माझ्या यादीत ते नव्हतं. आता दहा वेळा उघडून-मिटवून घेईन. खरं 'माज' शब्द परत घ्या. बाप काढलात तुम्ही.

निपाणीकर: बाप काढायला नको होता. तो शब्द परत घेतो. गाडी घेऊ नका, हे परत घेत नाही. आणि घ्यायचीच असेल तर मुंबईला जुलैत जावा, भर पावसात. मागच्या सीटखाली हात घालून बघा, ओल तिथं पहिली कळते. मेव्हण्याचा पंप ज्यानं बसवला त्याचा नंबर काढून ठेवतो.