जायकवाडीचे ६५ टक्के म्हणजे नेमकं काय?

टेलवाला (परभणी): आमचं रान पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर, चारीच्या पार शेवटाला, म्हणजे टेलला. नमुना ७ (पाणीमागणीचा अर्ज) भरून पावसाळा संपला की दरवर्षी तीच वाट बघायची: वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडणार की नाही. हे ६५ टक्के ठरवले कुणी, आणि कशाचे?

निफाडकर: आमचंही ऐका. नाशिककडच्या गंगापूर-दारणा धरणांना जमिनी आमच्या माणसांच्या गेल्या. इकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झालेली असते आणि तेव्हाच आमचं पाणी खाली जातं. पुराचं पाणी जातंच की तुम्हाला!

जुना पाटकरी: निफाडकर, पूर येतो त्या वर्षी भांडण कुठे असतं?

टेलवाले, १९६५ ला शास्त्रीजींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिराबाईंनी लोकार्पण केलं. धरण १०२ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातलं २६ मृत साठ्यात, म्हणजे कालव्यातून न निघणारं; उपयुक्त ७६. वर भंडारदरा इंग्रजांनी १९२६ लाच पुरं केलेलं, बाकीची धरणं पुढे वाढत गेली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्यांना न्याय्य वाटा, आलं आणि सरकारच्या मेंढेगिरी समितीने कोणी किती पाणी सोडायचं याचे तक्ते बसवून दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे ५० टीएमसी पाणी हवं. खरिपाला दिलेलं त्यातच धरायचं. कमी पडलं तर वरच्यांनी सोडायचं. २०१६ ला हायकोर्टानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. २०२३ ला ८.६ टीएमसीचा आदेश निघाला तो याच हिशेबाने.

पण कागदावरचं पाणी आणि पैठणला पोचलेलं पाणी, दोन्ही वेगळी. मी नदीकाठाने ड्यूटी केलीय. आधी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, काठच्या मोटारींची वीज बंद. तरी रात्री कुठेतरी जनरेटरची धडधड ऐकू यायचीच. कोरड्या पात्रात आधी फेस आणि पाचोळा येतो, पाणी मागून. वाळू पोटभर पिते, मग सोडते पुढे.

निफाडकर: पाटकरीबुवा, हेच तर आम्ही म्हणतो. निम्मं वाळूत जिरवण्यापेक्षा...

जुना पाटकरी: निम्मं म्हणालो नाही मी. आणि ते जिरू नये म्हणून पावसाळ्यात, नदी वाहती असतानाच सोडा ना. तेव्हा धरणं भरून घ्यायची आणि ऑक्टोबर उजाडला की वाळूकडे बोट दाखवायचं!

टेलवाला (परभणी): आभारी आहे काका. यंदा गहू पेरू का हरभरा?

जुना पाटकरी: टेलला आहेस ना? हरभरा.