पैठणचा नागजावई

कुणीतरी म्हणालं, नाग आणि माणसाचं प्रेम हा हिंदी सिनेमाच्या फॅक्टरीतला माल. अहो, पैठणवाल्यांनी तरी असं म्हणू नये! ११व्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तलं पहिलं लंबक (म्हणजे विभाग), ‘कथापीठ’, काढा. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. तिथली श्रुतार्था स्नानाला निघालेली, नागराज वासुकीच्या भावाचा मुलगा कीर्तिसेन तिला पाहतो, गांधर्व विवाह होतो. त्यांचाच मुलगा गुणाढ्य, ‘बृहत्कथा’ रचणारा.

यातली खरी गंमत प्रेमात नाही, नंतरच्या घोळात आहे. बहीण गरोदर, घरात तिसरा पुरुष नाही, म्हणून वत्स आणि गुल्म हे दोघे भाऊ एकमेकांवरच संशय घेतात. श्रुतार्था खरं सांगते, तर ते पुरावा मागतात. ती नुसतं स्मरण करते, नाग हजर होतो, ही शापित अप्सरा आहे असं सांगतो आणि गुप्त! म्हणजे अमानवी फक्त नवरा नव्हे, बायकोही निघाली.

राजा पुरूरवा आणि अप्सरा उर्वशीच्या गोष्टीत यंत्र वेगळं: आधी अट घालायची (राजा तिला नागडा दिसता कामा नये), मग ती मोडायची. शतपथ ब्राह्मणात गंधर्व पलंगाला बांधलेली कोकरं पळवतात, राजा तसाच नागडा धावतो, वीज चमकते, अट मोडली. आजच्या बऱ्याच पटकथा इथेच घसरतात. अट सांगतात शेवटच्या अर्ध्या तासात, मग तुटल्याचं कुणाला काय? कोकरं आधी पलंगाला बांधलेली दिसायला हवीत.

आणि हो, पुरूरव्याचं प्रतिष्ठान प्रयागजवळचं. ते पैठणच्या खात्यात टाकू नका.