लेक इरीवर वॉलाय: वॉकर लागणाऱ्या वडिलांना घेऊन बोट कुठून उतरवावी?

कोलंबसवासी

मंडळी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात वडील भारतातून येताहेत. वय ७४, गुडघ्यांमुळे वॉकर लागतो. पायऱ्या जमत नाहीत, पण दोघांनी धरलं तर फूटभर खाली उतरतात. गळाची हौस दांडगी. आमची १८ फुटी ॲल्युमिनियमची बोट ट्रेलरवर आहे. ओहायोतल्या पोर्ट क्लिंटन ते मार्बलहेड या पट्ट्यात बोट पाण्यात सोडायचा कुठला रॅम्प (उतार) बरा पडेल? त्या दिवसांत वॉलाय मासा कुठे लागतो? आणि हवा बिघडली तर बोटीशिवाय काय करता येईल? लायसनचंही सांगा.

---

वाऱ्याकडे_लक्ष

रॅम्प आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवा. मझुरिकचा रॅम्प मार्बलहेडच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. दक्षिण किंवा नैऋत्य वाऱ्यात जमिनीचा आडोसा मिळतो. कटॉबा आयलंड स्टेट पार्कचा रॅम्प पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे पूर्वेच्या वाऱ्यात तो बरा आणि पश्चिमेच्या वाऱ्यात त्रासाचा. तिसरा पर्याय ईस्ट हार्बर स्टेट पार्क. तिथे बोट आतल्या शांत पाण्यात उतरते, वडिलांना चढवायला सगळ्यात निवांत. मात्र तिथून खुल्या सरोवरात पोचायला जरा वेळ लागतो. स्टेट पार्कात प्रवेशाचे पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. नैऋत्येचा जोराचा वारा काही तास वाहिला की सरोवराचं पाणी पूर्व टोकाच्या बफेलोच्या बाजूला ढकललं जातं आणि आपल्याकडची पातळी फूट-दोन फूट उतरते, वादळात त्याहून जास्त. अशा दिवशी दोन अडचणी येतात. ट्रेलर नेहमीपेक्षा खोल न्यावा लागतो, आणि काँक्रीट संपतं तिथे चाक कडेवरून खाली पडून ॲक्सल अडकतो. दुसरं म्हणजे धक्का जागेवरच राहतो, बोट खाली जाते, म्हणजे तुमच्या वडिलांची एक फुटाची उतरण दोन-अडीच फुटांची होते. निघण्याआधी नोआच्या (अमेरिकेची हवामान-सागर संस्था) मार्बलहेड आणि टोलेडो इथल्या पातळ्या मोबाइलवर पाहा. आलेख वेगाने उतरताना दिसला तर त्या दिवशी बोटीचा बेत रद्द करा.

लाटांचं सांगायचं तर सरोवराच्या पश्चिमेकडचं पाणी सरासरी २४ फूटच खोल. उथळ असल्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या येतात. अंदाज दोन फुटांच्या वर असेल तर १८ फुटी बोटीत गुडघेदुखीच्या माणसाला बसवू नका. प्रत्येक आपट्याला कळ जाते.

---

धक्का_आणि_दोर

चढवण्याची रीत लिहितो.

पट्टे सोडणं, तळाचं बूच लावणं, दोर आणि फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणूनच्या गाद्या) बांधणं हे सगळं रॅम्पच्या आधीच्या मोकळ्या जागेत उरका. बोटीचं नाक ट्रेलरला ओढून धरणारा विंचचा पट्टा तेवढा शेवटपर्यंत राहू द्या. वडिलांना ट्रेलरवरच्या बोटीत कधीच बसवू नका. बोट पाण्यात गेली, धक्क्याला लागली, इंजिन बंद झालं, पुढचा-मागचा दोन्ही दोर आखूड करून बांधले, की मग त्यांना आणा. वॉकर धक्क्यावरच ठेवायचा. त्यांना धक्क्याच्या काठावर बसवा, पाय बोटीत सोडायला लावा. बोटीच्या तळाला न घसरणारं, आठ-नऊ इंच उंचीचं रुंद स्टूल ठेवा. एक जण बोटीत समोर उभा, एक धक्क्यावर पाठीमागे. काखेत हात घालून ओढू नका. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. उभं राहून एक पाय बोटीत आणि एक धक्क्यावर असं केलं की बोट सरकते, आणि पडणारे बहुतेक जण तिथेच पडतात.

परतताना इंजिनाचा जोर लावून बोट ट्रेलरवर चढवू नका. पंख्याच्या झोताने काँक्रीटच्या टोकाला खड्डा पडतो आणि पुढच्याचं चाक त्यात जातं.

लाइफजॅकेट माणशी एक हवंच. वडिलांच्या अंगात ते धक्क्यावरच चढवा. बोट चालवणाऱ्याचा जन्म १ जानेवारी १९८२ किंवा नंतरचा असेल तर १० हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनासाठी ओहायोत बोटिंगचा कोर्स केलेला असावा लागतो.

---

खडपावरचा_गळ

आता मासा. एप्रिलमध्ये वॉलाय नायगारा, क्रिब, टूसाँ या खडपांवर अंडी घालायला येतो, तेव्हा जिग (वजनदार डोक्याचा गळ) चालतं. जूनअखेर तो खडप सोडून बेटांच्या आसपास २५ ते ३५ फूट पाण्यात पसरलेला असतो आणि मोठे मासे हळूहळू पूर्वेकडे, ह्युरॉन-लोरेन या गावांसमोरच्या खोल पाण्याकडे सरकतात.

तुमच्यासाठी गांडुळाचा हार्नेस (चमकतं पातं आणि गांडूळ लावलेला गळ) सगळ्यात सोपा: ४ ते ६ नंबरचं कोलोरॅडो म्हणजे गोलसर पातं, पाणी गढूळ असेल तर सोनेरी किंवा तांबडं, स्वच्छ असेल तर चंदेरी, वर १ ते २ औंसाचं बॉटम बाउन्सर (तळाला टेकत जाणारं तारेचं वजन). वेग ताशी १ ते १.३ मैल. दोर सरळ खाली गेला तर वेग कमी आहे, फार मागे पसरला तर वजन कमी आहे. साधारण ४५ अंशांत राहिला पाहिजे. वडिलांची गळाची काठी होल्डरमध्ये ठेवा. टोक थरथरलं की लगेच हिसका देऊ नका, काठी वाकून तशीच राहिली की उचला. नाहीतर गांडुळाचं शेपूट तेवढं जातं.

त्या काळात मेफ्लाय या पाण्यातून निघणाऱ्या किड्यांचे थवे निघतात. मासा त्यांच्या अळ्या खाऊन तट्ट फुगलेला असतो आणि तळ सोडून मधल्या पाण्यात लटकतो. २५ फूट पाण्यात सोनार तो १५ फुटांवर दाखवत असेल तर बॉटम बाउन्सर काढून हलकं वजन लावा. शीपहेड आणि व्हाइट पर्च हे नको असलेले मासेच लागत राहिले तर दहा मिनिटांत जागा बदला.

कॅम्प पेरी या लष्करी तळासमोरचं पाणी गोळीबाराच्या हद्दीत येतं. त्या बाजूला जाणार असाल तर बोटीच्या रेडिओवर व्हीएचएफ चॅनेल १६ चालू ठेवा. आणि सरोवराच्या मधोमध कॅनडाची हद्द आहे. पलीकडे गळ टाकायला ओंटारिओचं लायसन लागतं.

---

कोलंबसवासी

खूप आभार. बोटीशिवायचं राहिलं, आणि लायसन?

---

वाऱ्याकडे_लक्ष

कटॉबा स्टेट पार्कात मासेमारीचा धक्का आहे. टोलेडोच्या पूर्वेला मेट्झगर मार्शचा धक्काही सरोवरात लांबवर जातो. पण जूनअखेर किनाऱ्यावरून वॉलायची आशा धरू नका. पर्च, शीपहेड, कॅटफिश मिळतील. काठावरून वॉलायचा खरा मोसम ऑक्टोबरनंतर, अंधार पडल्यावर. वडील तोवर असतील तर क्लीव्हलंडला ईस्ट ५५ स्ट्रीटच्या धक्क्यावर न्या. कुठेही बसताना कठड्याचा बुटका भाग शोधा. अपंगांसाठीच्या नियमात तो ३४ इंच किंवा कमी असतो, म्हणजे खुर्चीवर बसून काठी पलीकडे धरता येते.

लायसन १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला. वडिलांना ओहायोबाहेरच्यांचं घ्यायचं, एक किंवा तीन दिवसांचंही मिळतं. वॉलाय १५ इंचांखालचा असला तर सोडायचा, माणशी दिवसाला ६. दरवर्षी मर्यादेचा आढावा होतो, म्हणून त्या आठवड्यात ओडीएनआरच्या (ओहायोचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं) साइटवर एकदा बघून घ्या.

---

खडपावरचा_गळ

बर्फ विसरू नका. धरल्या धरल्या बर्फात गेलेला वॉलाय घरी येईपर्यंत घट्ट राहतो. पाठीवरच्या काट्यांपासून आणि कल्ल्याच्या धारेपासून बोटं सांभाळा. रवा लावून तळायचा असेल तर कातडी काढा आणि तुकड्याच्या मधली बारीक काट्यांची रांग व्ही आकारात कापून टाका, वडिलांना खाताना त्रास होणार नाही.